उलव्यात घर पाहताना आधी जमीन ओळखावी

उलवे नवी मुंबईत मोडत असले, तरी त्याचा तालुका पनवेल आणि जिल्हा रायगड आहे, शिवाय ते नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत येत नाही. येथे नियोजन प्राधिकरण सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारे राज्य सरकारचे महामंडळ, आहे. म्हणून घर पाहायला जाणाऱ्याने 'सेक्टर कोणता' हे विचारण्याआधी 'जमीन कोणत्या प्रकारची' हे विचारावे. कारण एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन इमारतींचे कागद पूर्णपणे वेगळे असू शकतात.

पहिला प्रकार म्हणजे सिडकोने निविदा काढून विकासकाला दिलेला भूखंड. त्याचे कागद तुलनेने सरळ असतात, परंतु जमीन भाडेपट्ट्याची असते, मालकीची नव्हे, हे लक्षात ठेवावे. दुसरा प्रकार साडेबारा टक्के योजनेतील भूखंडांचा. नवी मुंबईसाठी ज्यांची शेती व मिठागरे गेली, त्या आगरी-कोळी कुटुंबांनी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण भागात केलेल्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्याच संघर्षातून पुढे आली. असा भूखंड मूळ प्रकल्पग्रस्ताकडून विकासकाकडे गेला असेल, तर सिडको, मूळ धारक आणि विकासक यांच्यातील त्रिपक्षीय करार पाहावा, तसेच भूखंड अनेक वारसांच्या नावे असल्यास प्रत्येकाची संमती आहे की नाही, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. सर्वाधिक अडचणी इथेच निघतात. तिसरा प्रकार गावठाणाचा व त्याच्या कडेचा. वाढत्या कुटुंबासाठी ग्रामस्थांनी बांधलेली 'गरजेपोटीची घरे' आणि त्याच नावाखाली केवळ विक्रीसाठी उठवलेल्या चार-पाच मजली इमारती यांत फरक आहे. या दुसऱ्या इमारतींत स्वस्त सदनिका मिळते, पण बहुधा भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरास योग्य असल्याचा अधिकृत दाखला) नसते आणि बँकही कर्ज देण्यास कचरते. महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक स्वतः शोधावा, दलालाने दाखवलेल्या छायाचित्रावर विसंबू नये.

कागदांनंतर पाऊस. हा परिसर खाडीलगतचा असून शहर उभारताना सखल जमिनीवर भराव टाकलेला आहे; त्यामुळे जुलै महिन्यात अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, मोठ्या भरतीच्या वेळी एक फेरी अवश्य मारावी. धारण तलाव, म्हणजे भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवून ठेवणारा तलाव, कोठे आहे आणि नाल्याचे पाणी कोणत्या बाजूला तुंबते, हे इथल्या वहाळ किंवा मोरावे गावातील एखाद्या वयस्क गावकऱ्याला विचारावे. तो भरावाआधीची भातशेती कोठे होती तेही सांगेल, आणि हे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.

प्रवासाचे बोलायचे तर नेरुळ व बेलापूरहून खारकोपरपर्यंत लोकल नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, पुढे उरणपर्यंतचा टप्पा आणि मुंबईला जोडणारा अटल सेतू हे दोन्ही जानेवारी २०२४ मध्ये खुले झाले. तरीही दलालाच्या मोटारीतून जाऊ नये. कामाच्या दिवशी बामणडोंगरी किंवा खारकोपर स्थानकावर उतरावे, इमारतीपर्यंत चालत जावे आणि रात्री त्याच मार्गाने परतावे, म्हणजे रिक्षा कितपत मिळते व शेवटची गाडी किती वाजता आहे, हे कळते. सोसायटीत शिरल्यावर रखवालदाराला गेल्या मे महिन्यात पाण्याचे किती टँकर आले, तेवढे विचारून घ्यावे.