वेल्श बोलताना जीभ अडते? पहिली दहा मिनिटं अशी काढा

वेल्सच्या वेल्श भाषेचा ऑनलाइन सराव करताना जोडीदारही शिकाऊच असेल तर भीती बरीच कमी होते, पण पहिल्या प्रश्नालाच गाडी अडते. कारण वेल्शमध्ये ‘हो-नाही’साठी सरसकट चालणारा एकच शब्द नाही, उत्तर क्रियापदानुसार बदलतं. ‘उइत ती’न दस्गी कम्राइग?’ म्हणजे ‘तू वेल्श शिकतोस का?’ याला ‘अदू’ किंवा ‘नाग अदू’. ही जोडी आधी वीसेक वेळा मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात म्हटलेलं ऐन वेळी तोंडात येत नाही.

कॉल दहाच मिनिटांचा ठरवा, हवं तर कॅमेरा बंद ठेवा. नाव, गाव आणि आज काय खाल्लं यावरची पाच वाक्यं कागदावर समोर असू द्या. समजलं नाही तर ‘इनवाइथ एतो’, म्हणजे पुन्हा एकदा. शब्द आठवला नाही तर इंग्रजी शब्द घालून वाक्य पूर्ण कराच.

शब्दाचं पहिलं अक्षर बदलण्याचे नियम बोलताना खुशाल चुकू द्या. ‘कार्डिफमध्ये’ म्हणताना ‘काइरदीध’मधला ‘क’ तसाच राहिला तरी समोरच्याला कळतं. जोडीदाराने दुधाला ‘ख्लाइथ’ऐवजी ‘ख्लेव्ह्रिथ’ म्हटलं तर बिचकू नका: पहिला शब्द दक्षिणेतला, दुसरा उत्तर वेल्समधला.