न्यू जर्सीत नो-फॉल्ट कार विमा कसा निवडावा

न्यू जर्सीतल्या एडिसन गावी नव्याने आलेल्याला कुणी ना कुणी सांगतंच, ‘इथे नो-फॉल्ट आहे, चूक कुणाची हा प्रश्नच येत नाही.’ येतो. नो-फॉल्टचा अर्थ एवढाच, की अपघातात तुम्हाला लागलं तर उपचाराचा खर्च तुमच्याच पॉलिसीतून होतो, धडक कुणीही दिलेली असो. त्या भागाला पीआयपी (पर्सनल इंज्युरी प्रोटेक्शन) म्हणतात. गाडीचं नुकसान त्यात नाही. तिथे चूक बघितलीच जाते. आपल्या गाडीसाठी कोलिजन, म्हणजे धडकेत आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा, वेगळं घ्या.

पीआयपीची रक्कम: स्टँडर्ड पॉलिसीत १५,००० ते २,५०,००० डॉलर. २,५०,००० घ्या. इमर्जन्सी रूमचं बिल एकदा पाहिलेला माणूस १५,००० वर टिक करत नाही.

डिडक्टिबल, म्हणजे बिलातला आधी आपल्या खिशातून जाणारा भाग: २५० ते २,५०० डॉलर, झेपेल ते. त्यापुढे ५,००० पर्यंतच्या बिलाचे २० टक्केही आपणच भरायचे असतात, हे धरून चाला.

आता फॉर्ममधली ती चौकट, जिथे मी ठेचकाळलो: बिल आधी कोण भरणार, पीआयपी की तुमचा हेल्थ इन्शुरन्स? हेल्थ प्रायमरी, म्हणजे आधी भरणारा, केलं की हप्ता कमी होतो. एजंटने फोनवर विचारलं, ‘ऑफिसचा हेल्थ प्लॅन आहे ना?’ मी हो म्हणालो आणि विषय संपला. पुढे नोकरी बदलली. जुना प्लॅन बंद, नवा सुरू व्हायला महिना, आणि नेमकी त्याच महिन्यात सिग्नलला उभा असताना मागून धडक बसली. मान धरली. हेल्थ प्लॅन नाही म्हटल्यावर पीआयपीनेच बिलं घेतली, पण नेहमीच्या डिडक्टिबलवर आणखी ७५० डॉलर लावून. तोवर फिजिओथेरपीची बिलं इकडून तिकडे फिरत होती आणि वसुलीचे फोन मला येत होते.

म्हणून हेल्थ प्रायमरी करण्याआधी प्लॅनलाच लेखी विचारा: वाहन-अपघाताचा खर्च तुम्ही आधी देता का? काही प्लॅन, विशेषतः कंपन्यांचे सेल्फ-फंडेड (ज्यात बिलं नोकरी देणारी कंपनीच स्वतःच्या पैशातून भरते), देत नाहीत. उत्तर कागदावर हवं. एचआरमधल्या ओळखीच्या माणसाचं ‘असेल बहुतेक’ उपयोगाचं नाही. मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी आरोग्य योजना तर प्रायमरी करताच येत नाहीत. आणि एच-वन-बीवर असाल, नोकरी आज इथे उद्या तिथे, तर वाचणाऱ्या डॉलरांकडे बघूच नका. पीआयपी प्रायमरी ठेवा. यावर मी वाद घालत नाही.

दाव्याचा हक्क, म्हणजे चूक करणाऱ्यावर कोर्टात दावा लावण्याचा: काहीच निवडलं नाही तर मर्यादित हक्क लागू होतो. मग वेदना-त्रासाच्या भरपाईसाठी दावा सहाच कारणांवर: मृत्यू, अवयव गमावणं, ठळक विद्रूपता किंवा व्रण, हाड मोडून जागचं सरकणं, गर्भ गमावणं, कायमची इजा. महिनोन्‌महिने दुखून बरी झालेली मान यात बसत नाही. अमर्याद हक्क महाग पडतो. दोन्हींचे दर मागवा. मी अमर्याद घेतला, मानेमुळेच.

बेसिक पॉलिसी: स्वस्त आहे, पण पीआयपी साधारणपणे १५,००० वर थांबतो आणि हक्क मर्यादितच. दारात गाडी आणि घरात पोरं असतील तर नको.

अपघात झालाच, तर आपल्याच कंपनीकडून पीआयपीचा क्लेम नंबर घ्या आणि डॉक्टरकडे पहिल्याच भेटीत तो द्या, पीआयपी प्रायमरी असेल तर हेल्थचं कार्ड खिशातच राहू द्या.