काचेमागच्या चित्राचा फोटो काढताना स्वतःचाच स्वेटर दिसतो? हे करा

हिवाळ्यात चित्रप्रदर्शनं बघायला मजा येते, पण फोटोत काचेवर आपलंच भूत उमटतं. सोलापुरात एका प्रदर्शनात वारली चित्राच्या मी काढलेल्या फोटोत नाचणाऱ्यांच्या मधोमध माझा पिवळाधमक स्वेटर उभा होता! तिथल्याच डॉ. कोटणीस स्मारकासारख्या ठिकाणी जुने फोटो बघायला जाल, तेव्हाही पुढची युक्ती चालते.

१. आधी चित्राखालच्या पाटीचा फोटो, मग चित्राचा. घरी आल्यावर ‘हे कुणाचं बरं?’ होत नाही.
२. फ्लॅश बंद. काचेवर तोच चमकतो.
३. दोन पावलं मागे या, थोडं झूम करा आणि किंचित तिरकं उभं राहा. चौकट वाकडी आली तर फोनमध्येच सरळ करता येते.
४. गडद शाल सोबत न्या. थंडीत ती खांद्यावर असतेच. बरोबरच्या माणसाला ती तुमच्या अंगापुढे, फोनच्या मागे पसरून धरायला सांगा. काचेत दिसणारी खिडकी, ट्यूबलाइट, पिवळा स्वेटर, सगळं झाकलं जातं. आमच्याकडे हे काम आईकडे असतं. पहिल्या दिवशी ती फार लाजली होती.

शाल चित्राला किंवा चौकटीला टेकू देऊ नका, आणि फोटोला परवानगी आहे का ते दारातच विचारा.

जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सोलापूरला जाणार असाल तर गाडी लांबच लावा. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेमुळे होम मैदानाकडे तुफान गर्दी असते.