केळी, दाणे, बेदाणे: फ्रीझरमधल्या खाऊची आधीची तयारी

या यादीत किराण्याच्याही आधी फ्रीझर येतो. बाजाराची पिशवी घेण्यापूर्वी तो उघडा आणि आत सपाट, मोकळी जागा किती आहे ते बघा. केळ्याच्या चकत्यांमध्ये दाण्याचं पीनट बटर आणि बेदाणे भरून गोठवायचे, एवढाच हा खाऊ आहे. ओव्हन लागत नाही, पाक करावा लागत नाही. पण चकत्या एकमेकींना न चिकटता एका थरात गोठल्या पाहिजेत, आणि त्यासाठी आत एक ताटली आडवी बसली पाहिजे. वितीने मोजा, त्या मापाची स्टीलची ताटली शोधा आणि ती रिकामीच आत सरकवून दार नीट लागतंय का ते पाहून घ्या. ताटली स्टीलचीच हवी. धातूतून थंडावा लवकर पोचतो. प्लास्टिकच्या डब्यात तीच चकती सावकाश गोठते, आणि सावकाश गोठलेल्या फळात बर्फाचे कण मोठे होतात. ते फळाच्या पेशी फाडतात, म्हणून खाताना पाणी सुटतं आणि चकती गिळगिळीत लागते.

सिंगल डोअर फ्रिज असेल तर वरच्या खणात बोटभर बर्फ साठलेला असतोच. तो आदल्या दिवशी सकाळी डीफ्रॉस्ट करून उतरवा, पाणी टिपून घ्या, कोरड्या फडक्याने खण पुसा आणि मग कळ सर्वांत थंडीवर फिरवून ठेवा. मटण, मासळी, आलं-लसणाची पेस्ट असं काही आत असेल तर ते घट्ट झाकणाच्या डब्यात जाऊ द्या. दाण्यात जवळपास निम्मं तेल असतं आणि तेल वास फार पटकन धरतं.

एवढा आग्रह धरण्याचं कारण आहे. आमटी पातळ झाली तर आटवता येते, भाजी कच्ची राहिली तर झाकण ठेवून वाफ आणता येते. इथे विस्तव मदतीला येत नाही. फळ जसं ताटलीत गेलं तसंच तोंडात येणार. शिवाय थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात, आणि खाऊ बाहेर काढला की पुन्हा कामाला लागतात. म्हणून निवडणं, धुणं आणि कोरडं करणं हीच या खाऊची खरी कृती आहे. उरलेलं काम फ्रीझर करतो.

आता दाणे. पाव किलो कच्चे शेंगदाणे घ्या, त्यातून वाटीभर पीनट बटर होतं. सांगलीच्या गणपती पेठेतल्या घाऊक दुकानात दाणे उघड्या पोत्यात दिसतात, तिथे मूठभर हातात घेऊन बघायची सोय असते आणि तिचा फायदा जरूर घ्यावा. दाणा टपोरा हवा, साल एकसारख्या रंगाची हवी, आणि दोन दाणे चावून बघितल्यावर जिभेवर कडवटपणा राहता कामा नये. घरी आणल्यावर परातीत पसरून निवडा. सुरकुतलेले, काळपट, हिरवट पांढरी बुरशी आलेले, चवीला कडू असे दाणे सरळ फेकून द्या. भाजले की चालतील, असं म्हणू नका. शेंगदाण्यावर वाढणाऱ्या एका बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला घातक असतं आणि कढईतल्या भाजण्याने पूर्ण नष्ट होत नाही. पाव किलोत वीसपंचवीस दाणे गेले तर जाऊ देत.

जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, हात न थांबवता बारा ते पंधरा मिनिटं भाजा. तडतड ऐकू आली, खमंग वास सुटला आणि दाणा चिमटीत चोळल्यावर साल सहज निघालं की गॅस बंद करा. गरम कढईत दाणे तसेच ठेवलेत तर भाजणं चालूच राहतं, म्हणून लगेच ताटात काढा. कोमट झाले की चोळून सुपात पाखडा. मूल पाखडायला मागत असेल तर द्या त्याच्या हाती सूप. फोलपटं अंगणात उडाली म्हणून काही बिघडत नाही.

मिक्सरचं भांडं, झाकण, चमचे सगळं आधी धुऊन, पुसून, उन्हात वाळवून ठेवलेलं असावं. दाणे किंचित कोमट असतानाच वाटायला घ्या, तेल लवकर सुटतं. अर्धा मिनिट फिरवायचं, थांबायचं, कडेचं खाली ओढायचं, पुन्हा फिरवायचं. आधी कूट होतं, मग ते भांड्याच्या कडेला चिकटायला लागतं, मग एक घट्ट गोळा होतो आणि पातं नुसतंच फिरतंय असं वाटतं. इथे बरेच जण पाणी घालतात. तेवढं करू नका. पाण्याने मिश्रण सैल न होता उलट आवळतं, आणि टिकतही नाही. भांडं गरम लागत असेल तर पाच मिनिटं थांबा, मग पुन्हा चालू करा. गोळा मोडतो, चकाकी येते, चमच्यावरून सावकाश ओघळेल इतकं पातळ होतं. अगदीच हट्टाने घट्ट राहिलं तर घाण्याचं शेंगदाणा तेल एक चमचा घाला. पाव चमचा मीठ घाला. गूळ मला यात आवडत नाही, कारण गुळाला ओल धरून ठेवायची सवय असते आणि त्याने बटर पुन्हा आवळतं. केळं आणि बेदाणा मिळून गोडी पुरेशी होते.

विकतच्या बरणीवर माझा राग नाही. पण घ्यायचीच झाली तर मागचं लेबल वाचा. दाणे आणि मीठ एवढंच लिहिलेलं असेल ती घ्या, आणि वर तरंगलेलं तेल ओतून न देता खालपर्यंत ढवळून घ्या.

बेदाण्याबद्दल मात्र सांगलीकराने जरा सविस्तर बोललं पाहिजे. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडच्या बेदाणा शेडांवर उन्हाळ्याच्या तोंडाशी द्राक्षं वाळत असतात आणि मार्केट यार्डात बेदाण्याचे सौदे निघतात. आपल्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. तो तयार कसा होतो हे माहीत असेल तर घरी त्याला कसं वागवायचं हे आपोआप समजतं. पिकलेली द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, त्यामुळे सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि आतलं पाणी लवकर उडतं. मग शेडमध्ये जाळीच्या थरांवर, सावलीत आणि वाहत्या वाऱ्यावर ती वाळतात. हिरवा किंवा पिवळाधमक रंग टिकवायचा असेल तर गंधकाची धुरी देतात. म्हणून बेदाणा पाकिटातून काढून थेट तोंडात टाकू नये. कोमट पाण्यात दोनदा खळबळून धुवा, सुती पंचावर पसरा, वरून दुसऱ्या फडक्याने दाबून टिपा आणि पंख्याखाली दोनतीन तास ठेवा. घरात कुणाला दमा असेल तर गंधकाची धुरी न दिलेला, तपकिरी किंवा काळा बेदाणा मागून घ्या, कारण गंधकाचा त्रास काही दमेकऱ्यांना होतो. या खाऊला पन्नास ग्रॅम बेदाणे भरपूर होतात. प्रत्येकाचे दोन तुकडे करा. बेदाण्यात पाणी थोडं आणि साखर जास्त, त्यामुळे तो फ्रीझरमध्येही दगडासारखा होत नाही, चिवट आणि मऊ राहतो. थंड, घट्ट केळ्यात तो दाताखाली येतो ती या खाऊची सर्वांत चांगली जागा, असं माझं ठाम मत आहे.

केळी तीन मध्यम. साल पूर्ण पिवळं, त्यावर नुकतेच तपकिरी ठिपके दिसायला लागलेले, पण बोटाने दाबल्यावर खड्डा न पडणारी. कच्चट केळं गोठल्यावर तुरट लागतं, फार पिकलेलं कापतानाच लगदा होतं. वेलची केळी चवीला छान, पण चकती फारच लहान पडते, भरायचं कंटाळवाणं होतं; लांब, जाड केळी घ्या. ती सगळ्यात शेवटी सोला, कारण कापलेल्या केळ्याला हवा लागली की ते काळवंडतं. बोटाच्या पेराच्या निम्म्या जाडीच्या चकत्या करा, एका केळ्याच्या साधारण बारा होतात. काळं पडणं टाळायचं असेल तर अर्ध्या लिंबाचा रस ब्रशने किंवा बोटानेच हलका फिरवा. चकत्या रसात बुडवू नका, पुन्हा ओल येईल.

केळ्याऐवजी स्ट्रॉबेरी वापरायची तर हिवाळाच हवा. साताऱ्याकडून, महाबळेश्वर-पाचगणीचा माल आपल्याकडे डिसेंबरपासून मिळतो. तिथल्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. स्ट्रॉबेरी देठासकट धुवा, देठ आधी काढलात तर पाणी आत शिरतं. द्राक्षं असतील तर ती वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा आणि पूर्ण वाळवा. सालीवरची पांढरट भुकटी बघून घाबरू नका, ती बरीचशी द्राक्षाची स्वतःची मेणासारखी साय असते. औषध फवारलेलं असतं ते धुण्यासाठी वाहतं पाणी आणि हाताचं चोळणं हवंच. द्राक्षं उभी चिरून त्यात बटर भरता येतं.

चॉकलेट ऐच्छिक आहे. हवं असेल तर दीडशे ग्रॅम डार्क कंपाउंड चॉकलेट आणि एक चमचा खोबरेल, खायचं. पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करायचा, वर कोरडं भांडं ठेवायचं, त्याचा तळ पाण्याला टेकू द्यायचा नाही. एक थेंब पाणी आत पडलं तरी चॉकलेट आवळून त्याचे खडे होतात, तेव्हा वाफेकडे लक्ष असू द्या.

उपवासाला करायचं तर चॉकलेट वगळा आणि साध्या मिठाऐवजी सैंधव घ्या. केळं, दाणे, बेदाणे तिन्ही चालतात, त्यामुळे संकष्टीला आजी-आजोबांसाठी साबुदाण्याच्या खिचडीला हा हलका सोबती होतो. त्यांचे दात किंवा कवळी यांचा विचार करून त्यांच्यासाठीचे तुकडे पाचसात मिनिटं आधी बाहेर काढून ठेवायचे, हेही यादीत लिहून घ्या. मधुमेह असलेल्यांनी एकदोन तुकड्यांवर थांबावं आणि बेदाणे त्यात नसलेलेच बरे.

लहान मुलांचा मुद्दा मी यादीत ठळक अक्षरात लिहीन. शेजारपाजारची मुलं खेळायला येणार असतील तर खाऊ पुढे करण्याआधी त्यांच्या आयांना विचारा, शेंगदाण्याची अॅलर्जी तर नाही ना. आपल्याकडे दाणे इतके रोजचे आहेत की असं विचारायचं सुचतच नाही, पण ज्याला ती असते त्याला घशाला सूज येऊन श्वास अडकण्यापर्यंत वेळ येऊ शकते. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खा दाणा आणि अख्खं द्राक्ष देऊ नका. गोठलेलं अख्खं द्राक्ष तर घशात बुचासारखं बसतं. द्यायचं तर उभे चार तुकडे करून, थोडं मऊ होऊ देऊन, समोर बसवून द्या. बटरचा जाड गोळाही एकदम तोंडात जाऊ देऊ नका, पातळ थरच बरा.

कामाचा क्रम असा ठेवा. आदल्या दिवशी फ्रीझर, दाणे, बटर, बेदाणे. बटर रात्रभर बाहेर झाकून राहिलं तरी चालतं. मे महिन्यात सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा मात्र फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे भरताना ओघळणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, स्वयंपाकघर तापण्याआधी, ताटलीवर बटर पेपर अंथरा. चकती ठेवा, त्यावर पाऊण चमचा बटर, दोनतीन बेदाण्याचे तुकडे, वर दुसरी चकती आणि हलका दाब. छत्तीस चकत्यांचे अठरा तुकडे होतात. तुकड्यांमध्ये बोटभर अंतर ठेवा. ताटली लगेच आत. डबल डोअर फ्रिजमध्ये दोनतीन तास पुरतात, सिंगल डोअरला संध्याकाळपर्यंत धीर धरा. चॉकलेट लावायचं तर तुकडे कडक झाल्यावरच अर्धे बुडवा. थंड तुकड्यावर ते बघता बघता घट्ट होतं, म्हणून बेदाणा किंवा दाण्याचा भरडा वर टाकायचा असेल तर तो हाताशी तयार असू द्या. मग आणखी अर्धा तास गोठवा.

पुरते कडक झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, थरांमध्ये बटर पेपर घाला आणि झाकणावर तारीख चिकटवा. तीन आठवडे चव चांगली राहते, पुढे केळं काळसर होतं आणि कडेला बर्फाची पांढरी पूड धरते. वीज गेली तर फ्रीझरचं दार उघडून बघायचा मोह आवरा, बंद दारामागे थंडी बराच वेळ टिकते. वीज येईपर्यंत तुकडे मऊ पडलेच असतील पण थंडगार असतील तर पुन्हा गोठवू नका, त्याच वेळी खाऊन टाका. चॉकलेट लावलेले नसतील तर थंड दुधात कुस्करून शिकरणही होतं. तासन्‌तास कोमट राहिलेले तुकडे मात्र टाकून द्या.

खायच्या वेळी डबा टेबलावर मांडून ठेवायचा नाही. प्रत्येकाच्या वाटीत दोनतीन तुकडे काढायचे, डबा लगेच आत, आणि तीनचार मिनिटांनी खायला सुरुवात करायची.