‘चार्ज’ या शब्दाचा अर्थ कसा लावावा

डिचोली तालुक्यातील एका संस्थेच्या इंग्रजी इतिवृत्ताचा मराठी अनुवाद काही वर्षांपूर्वी माझ्याकडे तपासणीसाठी आला होता. मूळ वाक्य होते, ‘द क्लार्क वॉज चार्ज्ड विथ मेन्टेनिंग द रजिस्टर’, आणि त्याचे मराठी झाले होते, ‘लिपिकावर नोंदवही ठेवल्याचा आरोप ठेवण्यात आला.’ वास्तविक नोंदवही ठेवणे हेच त्या बिचाऱ्याचे काम होते, आणि ते त्याच्याकडे रीतसर सोपवले गेले होते. शब्दकोशात ‘चार्ज’समोर दिलेल्या डझनभर अर्थांपैकी पहिला उचलला की असे होते.

हे टाळण्यासाठी आधी शब्दाचे मूळ लक्षात घ्यावे. लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे गाडा आणि ‘कार्रिकारे’ म्हणजे गाड्यावर माल लादणे. तोच शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘चार्ज’ झाला. पोर्तुगीजमध्ये त्याचे भावंड ‘कार्रेगार’ हे आहे, आणि त्या भाषेत ओझे लादणे व फोन चार्ज करणे या दोन्हींसाठी ते एकच क्रियापद चालते. आपल्याकडे गोव्यात जुनी माणसे प्रवासी बसला ‘कार्रेर’ म्हणत, तेही पोर्तुगीज ‘कार्रैरा’वरून आलेले असून त्याची मुळी त्याच गाड्यापाशी जाते. तेव्हा ‘चार्ज’ दिसला की कोणी, कोणावर, कसला भार टाकला आहे, असे विचारावे. मराठीला हा विचार परका नाही. कार्यभार, पदभार, प्रभारी, विद्युतभार हे शब्द आपणही ‘भार’ धरूनच घडवले आहेत.

यानंतर ‘चार्ज’च्या पुढे कोणते शब्दयोगी अव्यय आले आहे ते पाहावे, कारण निम्मा निकाल तिथेच लागतो. सर्वांत अवघड ‘विथ’ आहे. ‘चार्ज्ड विथ’नंतर चोरी, फसवणूक, मारहाण असे गैरकृत्य आले तर अर्थ आरोपाचा असतो, आणि हिशेब ठेवणे, चौकशी करणे, देखरेख करणे असे कर्तव्य आले तर अर्थ जबाबदारी सोपवल्याचा असतो. ‘चार्ज्ड विथ कीपिंग द अकाउंट्स’ म्हणजे हिशेबाचे काम सोपवले, तर ‘चार्ज्ड विथ फॉल्सिफाइंग द अकाउंट्स’ म्हणजे खोटे हिशेब केल्याचा आरोप ठेवला. व्याकरण दोन्हीकडे तेच असल्यामुळे येथे केवळ कृत्याचे स्वरूप मदतीला येते. शिवाय ‘अक्यूज्ड’ या शब्दानंतर ‘ऑफ’ येते, ‘चार्ज्ड’नंतर मात्र ‘विथ’. ही गल्लत आमच्याकडील इंग्रजी अर्जांत नित्याची आहे.

फौजदारी बातम्यांचा अनुवाद करणाऱ्यांनी आणखी एक फरक पाळावा. ‘बुक्ड’ म्हणजे गुन्हा नोंद झाला. ‘चार्जशीट’ म्हणजे तपास संपल्यावर पोलिसांनी न्यायालयात सादर केलेले आरोपपत्र; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्या अहवालाची तरतूद कलम १९३ मध्ये आहे. ‘चार्ज फ्रेम करणे’ म्हणजे न्यायालयाने आरोप निश्चित करणे. या तिन्हींना सरसकट ‘आरोप सिद्ध’ म्हणणारी शीर्षके मी वाचली आहेत, आणि ती केवळ भाषेची चूक नव्हे, त्या माणसावरील अन्यायही आहे.

‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ यांत एका ‘द’ने नाते उलटे होते. ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द वॉर्ड’ म्हणजे वॉर्डाची जबाबदारी परिचारिकेकडे आहे. ‘द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ हिज ग्रँडमदर’ म्हणजे मूल आजीच्या ताब्यात आहे. पहिल्यात सांभाळणारा आधी येतो, दुसऱ्यात सांभाळला जाणारा.

पैशाच्या बाबतीत ‘फॉर’ हे सेवेकडे आणि ‘टू’ हे खात्याकडे बोट दाखवते. ‘दे चार्ज फॉर पार्किंग’ म्हणजे वाहनतळाचे शुल्क घेतात, तर ‘चार्ज इट टू माय रूम’ म्हणजे रक्कम माझ्या खोलीच्या बिलात घाला. कळंगुट-बागा परिसरातील ‘कव्हर चार्ज’ला नुसते ‘प्रवेशशुल्क’ म्हणू नये. काही ठिकाणी ती रक्कम खाण्यापिण्याच्या बिलात वळती होते, काही ठिकाणी होत नाही, म्हणून दारातच विचारून घ्यावे. ‘फ्री ऑफ चार्ज’ला ‘विनामूल्य’ पुरेसे आहे.

जमिनीच्या कागदपत्रांत ‘चार्ज’ आला तर मराठीत त्याला नेमका शब्द आधीपासून आहे: बोजा. दोडामार्ग-सावंतवाडीकडे ज्यांच्या जमिनी आहेत त्यांनी सातबाराच्या इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा पाहिलेला असेल. येथे ‘गहाण’ लिहिण्याची घाई मात्र करू नये, कारण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने गहाण आणि ‘चार्ज’ वेगळे मानले आहेत. गहाणात मालमत्तेतील हितसंबंध हस्तांतरित होतो, बोज्यात होत नाही.

उरलेले अर्थ सोपे आहेत. तोफेचा ‘चार्ज’ म्हणजे बार. सैन्याचा ‘चार्ज’ म्हणजे चाल किंवा हल्ला, आणि ‘लाठीचार्ज’ला लाठीमार हा शब्द रुळलेला आहे. फुटबॉलमधील ‘शोल्डर चार्ज’ म्हणजे प्रतिस्पर्ध्याला खांद्याने भिडणे. तो बेफिकीरपणे केला तरच पंच शिट्टी वाजवतो, हे गोव्यातील वाचकाला वेगळे सांगायला नको. वकिलातीतील ‘शार्जे दाफेर’ हा प्रभारी राजदूत असतो. बॅटरीच्या बाबतीत मात्र शुद्धीचा हट्ट धरू नये. पदार्थविज्ञानात इलेक्ट्रॉनवर ‘ऋण विद्युतभार’ असतो हे योग्यच, पण घरात ‘मोबाईल चार्जिंगला लाव’ असेच म्हणावे; ‘मोबाईल भारित कर’ असे सांगितल्यास ऐकणारा वीज गेली की काय म्हणून दिव्याकडे पाहील.