एप्रिलमध्ये आल्प्सला स्कीइंग : पैसे वाचवताना या चुका टाळा

म्युनिकला राहायला आल्यापासून मी स्कीइंगला हंगामाच्या शेवटीच जाते. राहण्याचे दर उतरलेले असतात, दिवस मोठा असतो, रांगा लहान असतात. पहिल्या वर्षी मात्र मी फक्त दर पाहून गाव निवडलं. ते जेमतेम 800 मीटर उंचीवर होतं. सकाळी खिडकी उघडली तर समोर हिरवं कुरण आणि त्यात कृत्रिम बर्फाची एक मळकी पट्टी. खालचे उतार बंद होते, उतारांवर वर नेणाऱ्या लिफ्टच्या पासाचे पैसे मात्र पूर्ण घेतले गेले.

तेव्हापासून माझा एकच आग्रह आहे : काटकसर मुक्कामात करा, उंचीत नको. फ्रान्समधलं व्हाल थोरांस गावच 2300 मीटरवर आहे, त्यामुळे तिथला हंगाम मेच्या सुरुवातीपर्यंत चालतो. ऑस्ट्रियातल्या हिंटरटुक्स हिमनदीवर वर्षभर स्कीइंग होतं आणि लिफ्ट 3250 मीटरपर्यंत नेते. त्याच खोऱ्यात खाली मायरहोफेनला राहिलात तर रोज बसने वर जाता येतं. स्वित्झर्लंडमधल्या झेरमाटचं भाडं झेपत नसेल तर मॅटरहॉर्न डोंगराच्या इटलीकडच्या बाजूचं चेर्विनिया पाहा. ते 2050 मीटरवर आहे आणि खर्च बराच कमी येतो. एक लक्षात ठेवा, इटलीत उतारांवर दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई करणारा विमा सक्तीचा आहे.

तारखा ठरवताना ईस्टर आधी पाहा. तो दरवर्षी सरकतो : 2026 मध्ये 5 एप्रिल, 2027 मध्ये 28 मार्च. त्या आठवड्यात दर पुन्हा चढतात. शिवाय प्रत्येक गावाची हंगाम संपण्याची तारीख वेगळी असते. व्हाल थोरांस सुरू असलं तरी एकाच पासावर जोडलेल्या शेजारच्या खोऱ्यांतली कूर्शव्हेल आणि मेरिबेल त्याआधी बंद होतात. म्हणजे तिन्ही खोऱ्यांचा 600 किलोमीटरचा महाग पास घेऊन अर्धा भाग मिळतच नाही. नवशिक्यांना तर तो कधीच लागत नाही, त्यांना शिकाऊ लिफ्टचा छोटा पास पुरतो.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक, वेळेची. वसंतात बर्फ रात्री गोठतो आणि दुपारी वितळतो. सकाळी आठला उतार काचेसारखा कडक असतो, दोननंतर लापशीसारखा जड. त्या जड बर्फात पाय अडकतो आणि गुडघे दुखावतात. म्हणून सूर्याच्या मागे मागे जा : आधी पूर्वेकडचे उतार, ते जरा मऊ झाल्यावर, मग दक्षिणेचे आणि पश्चिमेचे. उत्तरेकडचे सर्वात उशिरापर्यंत टिकतात. साधारण एक वाजता थांबलेलं बरं. माझ्यासोबत येणाऱ्या मैत्रिणींना हे पटायला दोन दिवस लागतात, पण नऊ वर्षांच्या मुलीपासून सत्तरीच्या काकांपर्यंत सगळ्यांना मी हेच सांगते.

वर वारा सुटला तर हिमनदीवरच्या लिफ्ट लगेच बंद होतात आणि तिथे झाडं नसल्याने धुक्यात काहीच दिसत नाही. अशा दिवसासाठी एक मोकळा दिवस हाताशी ठेवा, सगळ्या दिवसांचा पास आधीच घेऊन टाकू नका.

भारतातून येणाऱ्यांनी विमा नीट वाचावा. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा विमा लागतो, पण साध्या पॉलिसीत स्कीइंग धरलेलं असेलच असं नाही. हेलिकॉप्टरने उतरवण्याचा खर्च त्यात आहे का ते विचारा. फ्रान्समध्ये पासासोबत रोजच्या काही युरोत असा विमा मिळतो, तो जरूर घ्या.

जेवणावर पैसे वाचवायला वाव मोठा आहे. डोंगरावरच्या हॉटेलात चौघांचं जेवण महागात पडतं. थालीपीठ किंवा पराठे बांधून न्या. फ्रान्समधल्या बऱ्याच ठिकाणी डबा आणणाऱ्यांसाठी वेगळी खोली असते, तिथे निवांत बसता येतं. सनस्क्रीन मात्र विसरू नका, बर्फावरून उलटणारं ऊन हनुवटीखालीही भाजतं. आणि निघण्यापूर्वी परतीच्या शेवटच्या बसची वेळ स्टॉपवरच पाहून घ्या, कारण एप्रिलमध्ये फेऱ्या कमी होतात.