बीए करून एमबीएला जाताना

मी सांगलीची, बीए मराठी. एमबीए प्रवेश परीक्षेच्या क्लासमध्ये शेजारी सगळे इंजिनिअर, त्यामुळे पहिला महिना नुसता धास्तीत गेला. उगाच!

कॅटला, म्हणजे आयआयएमसारख्या मॅनेजमेंट संस्थांच्या प्रवेश परीक्षेला, शाखा कुठलीही चालते; खुल्या गटाला पदवीला ५० टक्के पुरतात, एससी-एसटी आणि दिव्यांगांना ४५. शेवटच्या वर्षाला असाल तरी बसता येतं. पण ही झाली नुसती दारातली पावती. बरेच आयआयएम दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणांनाही भार देतात. अनेक ठिकाणी बिगर-इंजिनिअरना जादा गुण मिळतात. प्रत्येकाचं सूत्र निराळं, दरवर्षी बदलणारं. म्हणून फॉर्म भरण्याआधी प्रवेश धोरणाची पीडीएफ उघडा आणि आपले गुण त्यात घालून बघा. दहावीला घसरला असाल तर महाराष्ट्राची एमबीएची सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, सोडू नका. तिथे कॅपची (राज्याच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेची) गुणवत्ता यादी सीईटीच्या गुणांवर लागते. मुंबईच्या जमनालाल बजाज मॅनेजमेंट संस्थेचा रस्ताही तिथूनच.

गणिताची सवय सुटली असेल तर आठवी ते दहावीची पुस्तकं काढा. मी काढली, भाच्याची.

मुलाखतीत "मराठी का?" हे येणारच. मी "आवड होती" म्हणाले आणि गप्प बसले. तिथेच गेली ती जागा. पुढच्या वेळी दिवाळी अंकांच्या जाहिराती आणि विक्रीवर बोलले, तेव्हा समोरचे सरसावून बसले.